पाणी शिरतं कुठून

२ डिसेंबर, सोमवार

पहाटे एका आवाजाने जाग आली, जो आता कुठेच नाही. आमच्या शाळेत गुरुजी कविता म्हणवून घेताना रुळाने टेबलावर ठेका धरत. टक्, टक्, मग थोडी मोकळी जागा, पुन्हा टक्. त्या मोकळ्या जागेत खिडकीतून नदीवरच्या डोंग्याच्या वल्ह्याचा आवाज यायचा, चुबुक. गुरुजींना वाटे वर्ग तालात आहे. मला वाटे नदी तालात आहे.

डोळे उघडले तरी चुबुक चालूच. उठून पाहिलं तर मोरीत शुभांगीचं जॅकेट टांगलेलं, आणि त्याच्या बाहीतून बादलीत थेंब पडत होते. बाहेरून ओलं असतं तर गोष्ट वेगळी. बाहेरून ते खडखडीत कोरडं होतं. पाणी आत होतं.

शुभांगी माझी नात, घनश्यामची मोठी. घनश्याम तुमसरला राइस मिलमध्ये मुनीम. पोरगी कॉलेजच्या निमित्ताने आम्हा दोघा म्हाताऱ्यांकडे, माझ्या आणि रुखमिणीकडे, पवनीला राहते. खरं कारण नदी. धरणाचं पाणी फुगून घाटाशी येऊन थांबलं, तेव्हापासून इथे नौकांचं केंद्र निघालंय. त्यांच्याकडे त्या अरुंद, एका माणसाच्या नावा आहेत. पोरं कयाक म्हणतात, मी डोंगी म्हणतो. बारा जानेवारीला जिल्ह्याच्या बचाव पथकाची निवड आहे. पुरात आमच्या खालच्या आळीची माणसं छपरांवर बसून होती आणि नाव फार उशिरा आली, ते तिने शाळकरी वयात पाहिलंय. पथकात जायचं हे तिचं तेव्हापासूनच ठरलेलं.

चाचणीत थंड पाण्यात डोंगी उलटवायची, बाहेर निघायचं, दुसऱ्याला ओढून आणायचं. जॅकेट धड असेल तर अंग कोरडं राहतं. नसेल तर हात आखडतात. काल ती घरी आली तेव्हा तिचे ओठ जांभळाच्या रंगाचे होते.

दिवाळीत हेच जॅकेट उत्तम होतं. मग झालं काय?

५ डिसेंबर, गुरुवार

केंद्रावर गेलो. तिथे सामानाची डागडुजी निकेश करतो. पंचविशीचा पोरगा, मासेमार धीवरांचा, आधी टायर-पंक्चरचं दुकान होतं. जॅकेट उलटं करून त्याने शिवणींवरच्या पातळ पट्ट्या दाखवल्या. त्या पट्ट्यांमुळे सुईच्या भोकांतून पाणी येत नाही म्हणे. तीन जागी पट्टी उचलली गेली होती, भाजलेल्या पापडासारखी.

"म्या मागच्याच हप्त्यात चिकटवली होती, काकाजी," तो म्हणाला. "काहून निघाली समजून नाई राहिलं."

"तुला समजत नाही तर कोणाला समजणार गा?"

"उन्हात वाळू घालता काय? गरमीनं गोंद सोडते."

"आम्ही उन्हात घालतच नाही. सावलीत वाळतं, मागच्या पडवीत."

त्याने मान हलवली आणि माझ्याकडे न पाहता नवी पट्टी कापायला घेतली. न पाहता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मनात काही नसलेला माणूस बोलताना समोर पाहतो.

आणखी एक. खुंटीला त्याचं स्वतःचं जॅकेट होतं. तसलंच, निळं.

९ डिसेंबर, सोमवार

पट्टी पुन्हा सुटली. तीन होत्या त्या आता पाच.

घरात आमची हयगय नाही. दुपारी शुभांगी कॉलेजला गेली की मी अंगणातली चूल पेटवतो. रुखमिणी मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढवते, त्यात कडुनिंबाचा पाला आणि मूठभर धुण्याचा सोडा. पाण्याला उकळी फुटली की जॅकेट त्यात. आमच्या घाटावर लांबलांबून लोक अस्थी घेऊन येतात, दहावं-तेरावं करतात. त्याच पाण्यातून पोरगी रोज येते. घाटावरचं कापड गरम पाण्यातून काढल्याशिवाय उंबऱ्याच्या आत घ्यायचं नाही, हे रुखमिणीच्या माहेरापासूनचं. शुभांगी म्हणते, नुसतं नळाखाली धरा. पोरीला कोण समजावणार. आम्ही तिला सांगतच नाही. ती येईपर्यंत घडी करून ठेवलेली असते.

चुलीपुढे बसलं की मला ओळी सुचतात. आज सुचली:

पाण्या रे पाण्या, वाट तुझी कोणती,
शिवणीत शिरशी की मनात कोणाच्या.

बोटांवर मात्रा मोजल्या. दुसरी ओळ लंगडते. गुरुजींनी रूळ थांबवला असता.

गंजातलं पाणी ओतलं तेव्हा दगडावर पांढरे पापुद्रे राहिले. "नदीत काय काय घाण आहे पाहा," रुखमिणी म्हणाली. माझ्या तर अंगावर काटा आला.

जॅकेटच्या मनगटाचं रबर कोरडं पडू नये म्हणून मी रोज जवसाचं तेल चोळतो. पूर्वी डोंग्याच्या लाकडाला चोळायचे तसं. रबर कसं मऊ झालंय, जवळजवळ लोण्यासारखं.

१४ डिसेंबर, शनिवार

आज निकेशचं जॅकेट जवळून पाहिलं. तो पाण्यात एका पर्यटकाची डोंगी सरळ करत होता, म्हणून खुंटीपाशी कोणी नव्हतं. (नाही, तो पाण्यात होता म्हणजे जॅकेट अंगातच असेल. मग खुंटीवरचं कोणाचं? त्याच्याकडे दोन आहेत?) आतल्या पट्ट्या एकदम नव्या, चकचकीत. माझ्या नातीच्या पट्ट्या सुटतात आणि याच्या चमकतात. यात समजायला कठीण काय आहे?

भुपेंद्रकडे गेलो. केंद्र तोच चालवतो. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

"काकाजी, निकेश तसा पोट्टा नाई."

"तसा कसा नाही? एकच माणूस त्या जॅकेटला हात लावतो. चांगली पट्टी काढून घेतो, जुनी डकवतो."

"पट्टी अशी काढून दुसरीकडे लागत नाई ना."

"तू पाहिलंस काय लावताना?"

त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मी उठताना म्हणालो की पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे आणि काही झालं तर मी सगळ्या गावासमोर बोलेन. हे मी शांतपणे म्हणालो. कवितेत जसं शेवटच्या कडव्याला आवाज चढवायचा नसतो तसं.

१७ डिसेंबर, मंगळवार

निकेशला काढलं.

शुभांगी काल रात्री जेवली नाही. "आबाजी, तुमी भुपेंद्रभाऊले काय सांगितलं?"

"जे दिसलं ते."

"काय दिसलं तुमाले? मले सांगा ना. मी रोज त्याच्यासंगं पाण्यात राहतो, मले काहून नाई दिसलं?"

"तुझं वय दिसायचं नाही."

"आन तुमचं?" असं म्हणून ती ताट सारून उठली. रुखमिणी माझ्याकडे अशी पाहत राहिली की मला पाणी पिता येईना.

सकाळी घाटावर निकेशची आई दिसली. गोदावरीबाई तिथे पत्रावळी आणि फुलं विकते. मी बाजूने निघून जाणार होतो.

"मधुकरराव, या ना, फूल तं घेऊन जा."

"आज नको."

"पोरगा चिखल्याले गेला. त्याच्या मामानं खाणीत लावून देतो म्हटलं." ती फुलांवर पाणी शिंपडत होती. "जमिनीच्या आत. आमच्या घरातल्या कोणी आजवर पाण्यावरून पाय काढला नव्हता."

त्यात टोमणा होता की नुसतं सांगणं, मला ठरवता आलं नाही. घरी येईपर्यंत मी तेच वाक्य घोळवत होतो.

२४ डिसेंबर, मंगळवार

आठवडा झाला निकेशला जाऊन. पट्ट्या सुटतच आहेत. पाठीचा आतला लेप सापाच्या कातेसारखा उतरतोय. डाव्या मनगटाचं रबर आज शुभांगीने नुसतं ओढलं तर तिच्या हातात आलं, चिकट, ओघळलेलं.

याचा अर्थ निकेश एकटा नव्हता.

मी विचार केला की भुपेंद्रने त्याला इतक्या सहज कसं काढलं? माझ्यासारख्या म्हाताऱ्याच्या एका शब्दावर? ज्याला स्वतःचं लपवायचं असतं तोच दुसऱ्याला लगेच पुढे करतो. शिवाय निवडीला गुड्डीसुद्धा उतरली आहे, भुपेंद्रच्या साळ्याची मुलगी. ती परवा घरी आली होती. शुभांगीचं जॅकेट हातात घेऊन म्हणाली, "अरे, हे तं पूरंच गेलं व. माझं घेऊन जा ना एक दिवस."

कशासाठी देत होती? मी दारातच उभा होतो, म्हणून शुभांगीने नको म्हटलं असावं.

रुखमिणीने गुड्डीने हाताळलेलं जॅकेट आज दोनदा उकळलं. मी तिला सांगितलं होतं, नीट काढ. मनातल्या मनात म्हटलं, कोणाचं काय लागलं असेल.

२ जानेवारी, गुरुवार

नवं जॅकेट आलं. घनश्यामने मागवलं, कुरिअरने. केशरी रंगाचं, कसला वास असतो नव्या रबराला, शाळा उघडताना नव्या दप्तराला यायचा तसा. शुभांगीने अंगात घातलं, गळा ओढून पाहिला, दोन्ही हात वर केले, आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"आबाजी, आता तं खूश ना?"

खूश आहे. पण यावेळी मी कोणावर सोडणार नाही. केंद्रावर ठेवायचं नाही, भुपेंद्रच्या समोर काढायचं नाही, गुड्डीला दाखवायचं नाही. सराव झाला की सरळ घरी. घरात माझी लोखंडी पेटी आहे, किल्ली जानव्याला. दोनच माणसांचा हात लागेल, माझा आणि रुखमिणीचा.

कुरिअरवाल्यांचे किती हात लागले कोण जाणे. म्हणून पाण्यात नेण्याआधीच एकदा गंजातून काढलं. पट्ट्या पाहिल्या, सगळ्या जागच्या जागी. मनगटांना थोडं तेल.

७ जानेवारी, मंगळवार

मला लिहायला हात होत नाही.

नव्या जॅकेटची काखेतली शिवण गळते आहे. शुभांगीने आज सरावात डोंगी उलटवली आणि तिच्या पोटापर्यंत पाणी आलं. दात वाजत घरी आली. रुखमिणीने तिला गोधडीत घेतलं, मी शेगडी आणली. जॅकेट उलटं करून मांडीवर घेऊन बसली होती आणि सुटलेल्या पट्टीवरून बोट फिरवत होती.

"मी सोडून देऊ काय, आबाजी?"

"काय सोडतेस?"

"सारंच. मलेच काहीतरी समजत नाई असन. साऱ्यांचं टिकते, माझं काहून नाई टिकत?"

मी म्हटलं, तुझ्यावर कोणाचा तरी डोळा आहे. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "कोनाचा? आता तं कोनीच उरलं नाई."

हे खरं आहे. केंद्रावर ते ठेवलं नाही. गुड्डीने हातात घेतलं नाही. भुपेंद्रने बोट लावलं नाही. निकेश जमिनीच्या आत आहे.

९ जानेवारी, गुरुवार

हे पान कोणी वाचू नये.

किल्ली माझ्याकडे असते. पण मी दुपारी जरा लवंडतो तेव्हा ती जानव्यातून सोडून उशीखाली ठेवतो. घरात दुसरं कोण आहे?

रुखमिणीला हे नावेचं कधीच पटलं नव्हतं. पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "पोरीच्या जातीले पान्याशी कायले खेळवता?" आता ती तसं म्हणत नाही. म्हणत नाही, हेच मला खटकतं. जे माणूस बोलायचं थांबतं ते करायला लागतं. चाचणीच्या आधी जॅकेट गेलं की पोरगी घरी राहील. लग्नाचं पाहता येईल.

इतकी वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्यावर मी नजर ठेवली. आज दुपारी झोपल्याचं सोंग केलं आणि पडवीच्या फटीतून पाहत राहिलो. तिने पेटी उघडली. किल्ली तिने मला न विचारता घेतली होती. कात्री घेते की ब्लेड?

काही नाही. मी न उठल्यामुळे तिने स्वतःच चूल पेटवली, फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी आलं तिच्या. गंज चढवला, पाला टाकला, सोडा टाकला. उकळी आली तशी काठीने जॅकेट खाली दाबलं, वर काढलं, पुन्हा दाबलं. दाबताना काहीतरी पुटपुटत होती. कान देऊन ऐकलं तर म्हणत होती, "माझ्या लेकरावर कोनाची सावली नको पडू देजो बाप्पा." मग पिळलं, सावलीत टाकलं, घडी करून पेटीत ठेवलं आणि किल्ली परत उशीखाली.

म्हणजे नेहमीचंच. त्यात संशय घ्यावा असं काहीच नव्हतं.

तरी संशय गेला नाही. जेवताना मी तिच्या बोटांकडे पाहत होतो. तिने विचारलं, "तुमाले बरं नाई काय? अशे काय पाहता?" मी म्हटलं, भाजी छान झाली. ती म्हणाली, "आज तं वरण केलं."

११ जानेवारी, शनिवार

उद्या सकाळी चाचणी.

शुभांगीने युरियाच्या रिकाम्या थैलीला गळा आणि हात कापून बंडी केली आहे. जॅकेटच्या आत घालणार. मी म्हटलं, जाऊ नकोस, पुढच्या वर्षी होईल. ती म्हणाली, पुढच्या वर्षी पूर नाही येणार काय? थैली घालून ती आरशासमोर उभी राहिली तेव्हा कागदासारखा आवाज होत होता. घनश्यामचा फोन आला. तिने त्याला सांगितलं, सगळं ठीक आहे बाबा, नवं जॅकेट मस्त आहे. खोटं बोलताना ती समोर पाहत होती, सरळ भिंतीकडे. मनात काही नसलेला माणूसच समोर पाहतो, हा माझा नियमही मग गेला.

दिवेलागणीला कडी वाजली. मी पडवीत होतो. रुखमिणी चुलीपाशी होती, संध्याकाळचा गंज चढलेला होता, चाचणीच्या आधी जॅकेट शेवटचं एकदा स्वच्छ करून ठेवू म्हणून. मला वाटलं भुपेंद्र असेल, किंवा गुड्डी. दोघांपैकी कोणी असलं तरी आत घ्यायचं नाही असं ठरवून गेलो.

दार उघडलं तर निकेश.

अंगाने उतरला होता. नखांत काळं भरलेलं, ती मँगनीजची धूळ जात नाही म्हणतात. काखेत एक गुंडाळी. त्याने नमस्कार केला, ओट्याच्या खालच्याच पायरीवर थांबला.

"बसनं आलो, काकाजी. शुभांगीनं फोन केला होता."

मागे पावलं वाजली. शुभांगी थैलीची बंडी घातलेलीच बाहेर आली होती. त्याला पाहून म्हणाली, "आला तू? मले वाटलं सुट्टी नाई देणार."

"नाई देत होते. आलो." त्याने गुंडाळी उघडली. जाड, काळपट, रबरी कापडाचा कोट होता, उंचीला कापून आखूड केलेला. गळ्याला आणि मनगटाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बसवलेल्या. "खाणीत वरून सारखं पानी गळते. तिथं असेच कोट घालून राहतात. मामाचा जुना होता. दिसाले बेकार आहे, पण रातभर आत बादलीभर पानी भरून टांगला होता. थेंब नाई पडला."

मी कोट पाहत होतो. त्याची शिवण, त्याची बोटं, त्याचा चेहरा. चिखल्यापासून इथपर्यंत बसने यायला त्याला कारण काय? ज्या घराने त्याला काढायला लावलं त्या घरी? माझ्या मनात पहिला विचार काय आला तो लिहितो, कारण इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, यातही काही असेल.

रुखमिणी हात पुसत आली. तिने त्याला ओळखलं, मग कोटाकडे हात पुढे केला.

"आन गा इकडं. एवढ्या लांबून आला, बसमध्ये कोनाकोनाचा हात लागला असन. गंज उकडूनच राहिला. आताच काढून देतो."

निकेशने कोट तिच्याकडे धरला. चुलीचा उजेड तिच्या बोटांवर पडला होता. परवाची दुपार मला आठवली, फटीतून दिसलेले तेच हात.

"राहू दे," मी म्हणालो. "त्याला आज कोणी हात लावायचा नाही. तू नाही, मीही नाही. जसा आहे तसा पोरीच्या अंगात जाऊ दे."

"अवो, पण कोनाकोनाचा हात..."

"राहू दे म्हटलं ना."

माझा आवाज चढला होता. रुखमिणीने हात मागे घेतला. तिचं तोंड असं उतरलं की मला वाटलं ती सगळं ओळखून चुकली, मी तिच्यावर नजर ठेवली होती ते. शुभांगीने मधूनच कोट घेतला आणि थैलीवरूनच अंगात चढवला. ट्यूब तिच्या मनगटावर घट्ट बसली. तिने मूठ उघडून मिटून पाहिली, दोन-तीनदा. मग निकेशकडे पाहून तिने नुसती मान हलवली.

चुलीवर पाणी खदखदत होतं. ते कोणी उतरवलं नाही.

"मी आत येऊ काय, काकाजी," निकेशने विचारलं, "का इथूनच जाऊ?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी अजून दाराच्या मधोमध उभा आहे.